बस्त्याव, ती चाल देवळातली नव्हती

बस्त्याव,

तुझ्या मयताला मी आलो होतो. तुला दिसलो असेन-नसेन, म्हणून सांगतो. कुंपणाबाहेर, चिंचेखाली, हातात मिटलेली छत्री घेऊन उभा होतो. पाऊस नव्हता. पण छत्री हातात असली की माणूस वाटेनं जाताजाता सहज थांबलाय असं दिसतं. तुझेच बँडवाले तुझ्या शवपेटीपुढे वाजवत चालले होते, आणि मी रडत नव्हतो. मी कान लावून होतो. आपली चाल हे लोक वाजवतात का, ते ऐकत होतो. पेटीमागून चालणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाहून मनात एकच येत होतं, याला ठाऊक आहे का? हिला ठाऊक आहे का?

नाही वाजवली. मला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. घरी आलो. आंघोळीनंतर बायकोनं विचारलं, "कोण कोण होतं?" मी म्हटलं, "सगळे होते." ती म्हणाली, "आणि तुम्ही?" तिचं असंच असतं.

हे मी तुला लिहितोय खरं, पण हे छापून येणार आहे. का छापावं लागतंय ते पुढे येईलच. वाचणाऱ्यांसाठी तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी ठाण्याला नौपाड्यात राहत होतो, शाळेत मुलींना गायन शिकवत होतो. तू बाळकुमचा. घरची भातशेती, आणि लग्नसराईत पितळी बँड घेऊन वरातीपुढे वाजवायचं. हिंदूंच्याही लग्नांत, ख्रिश्चनांच्याही. माझ्या पुतणीच्या वरातीत तुझा बँड होता. एक भजन तू कॉर्नेटवर वाजवत होतास आणि त्यातला एक कोमल स्वर दर वेळी शुद्ध लावत होतास. पहिल्यांदा मी दात आवळले. दुसऱ्यांदा मला राहवेना. भर रस्त्यात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, वरात थांबवून मी तुझ्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, तो निषाद कोमल आहे." घोड्यावरचा जावई बघतोय, वरमाय बघतेय. तू कॉर्नेट तोंडातून काढलंस, ओठ पुसलेस आणि म्हणालास, "गाऊन दावा."

मी गायलो. तू वाजवलंस. बरोब्बर वाजवलंस. मग म्हणालास, "चला, घोडा खोळंबलाय."

त्यानंतर एका रविवारी, सकाळची प्रार्थना आटोपून, कोट-बूट घालून तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास. आत ये म्हटलं तरी आत आला नाहीस. माझ्याकडे मागायला आला होतास ते ऐकून मी चमकलो. तुला नाताळचं गाणं हवं होतं. लहानसं. बँडवर वाजवायचं. तुझ्या गावच्या छोट्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी पाद्री दारातून बाळ येशूची मूर्ती घेऊन येतात आणि गवताच्या गोठ्यात ठेवतात, तेव्हा वाजवायला.

"तुमच्यात गाणी नाहीत होय?" मी विचारलं.

"हायेत की. सगली सायबाची. आमी मराठीत भांडतो, मराठीत रडतो, आन नाताळाला तेवढा दुसऱ्याचा तोंड लावून गातो. आमचा एक पायजे."

"मग मीच का? तुमच्यातला कोणी बघ."

"तुमी वरात थांबवली," तू म्हणालास. "एका सुरासाठी वरात थांबवनारा मानूस मना दुसरा नाय ठाव."

हे ऐकून कोणाला बरं वाटलं नसतं? मलाही वाटलं. पण बस्त्याव, तू फाटकाबाहेर गेलास आणि मी लगेच विचार करू लागलो की याला नक्की काय हवंय. माझा स्वभावच तो. भाजीवाल्यानं चार मिरच्या जास्त टाकल्या तरी मी पिशवी उलटीपालटी करून बघतो. त्यात शेजारचे गोविंदराव ओसरीतून सगळं ऐकत होते. संध्याकाळी येऊन बसले. "मास्तर, जपून. आज चाल मागतायत, उद्या चुलीपर्यंत येतील." मी मान डोलावली. आतून आमच्या मंडळी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "चाल मागायला आलाय. जानवं मागितलं का त्यानं?"

मी होकार दिला, पण अटी घालून. हे कुणाला सांगायचं नाही. माझं नाव कुठे घ्यायचं नाही. माझ्या घरी बसायचं नाही. आज वाटतं, त्या अटी ऐकताना तुझ्या मनात काय आलं असेल? तू एवढंच म्हणालास, "बरा. माझ्या खल्यावर बसू."

तुझं ते खळं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. कापणी चालू होती, पेंढ्यांच्या उडव्या लागलेल्या, पलीकडे खाडीचा वास. तुझे बँडवाले दिवसभर विळा चालवून यायचे आणि पेंढ्यावर बसून वाद्यं पुसायचे. दोन कॉर्नेट, एक हॉर्न, एक मोठा बाजा, ढोल, आणि मिंगेलचं युफोनियम. मांडीवर पोर घेतल्यासारखं कुशीत धरायचं ते वाद्य, आणि त्याचा आवाज माणसाच्या खर्जासारखा. मिंगेल मिठागरावर काम करायचा. अंगानं दांडगा, बोलायचा फार कमी. सुरुवातीला तुझी माणसंही माझ्याकडे अशी बघायची की जणू मी त्यांची भातं मोजायला आलोय. एकानं तर तोंडावर विचारलं, "बामनाला आमच्या नाताळाचा काय पडलाय?" तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "तुज्या बाजाला भोक पडलाय, तो बग," म्हणालास.

मी पहिली चाल बांधून आणली. स्थायी, अंतरा, पुन्हा अंतरा, मध्ये थोडी आलापी. पेटीवर ती संपवून मी वर बघितलं. तू अदबीनं म्हणालास, "मास्तर, पाद्री दारातून बाळ घेऊन निघनार, आन गोठ्यात ठेवनार. तेवढ्याच वाटेचा पायजे."

"मग त्यांना जरा सावकाश चालायला सांग."

"सावकाश चालले तरी, मास्तर... एवढ्यात पोर खाली उतरून चालाया लागंल."

मिंगेल असा हसला की कुशीतलं युफोनियमही घुमलं. मी रागावलो, पण कापली. मग दुसरी अडचण. माझ्या चालीत मींड होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. पितळी वाद्याला खटके असतात. तिथे घसरता येत नाही, उडी मारावी लागते. मग तिसरी. माझी एकेक ओळ लांबलचक, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला तेवढा दम नाही. पेटीला भाता असतो, ती दमत नाही, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मी चाल मोडली, पुन्हा बांधली, पुन्हा मोडली. घरी रात्रंदिवस तेच. शेवटी पाच सुरांत, भूपाच्या अंगानं, एक साधी चाल उभी राहिली. माझा गळा आधीच खालचा, त्यात त्या दिवशी सर्दी. मी ती खर्जातच गाऊन दाखवली. मिंगेलनं युफोनियम उचललं आणि हळूच माझ्या मागोमाग वाजवलं. तू मान खाली घालून ऐकत होतास. "हा," तू म्हणालास. "हाच."

त्या घटकेसाठी मी तुझा ऋणी आहे. आयुष्यात मी पुष्कळ मुलींना गायन शिकवलं, पण स्वतःचं म्हणून जे केलं ते एवढंच.

त्यानंतर शेवटचे काही आठवडे मी आलो नाही. शाळेच्या परीक्षा होत्या, आणि कल्याणला भाऊ आजारी पडला. बँडसाठी ती बसवायची म्हणजे कोणी काय वाजवायचं ते ठरवायचं. ते तू करशील असं ठरलं. मी तुझ्यावर सोपवलं. आणि सोपवल्या क्षणापासून संशय घेऊ लागलो. हा माझ्या चालीचं काय करेल? याला परक्या पद्धतीचं स्वरलेखन येतं, हा त्यात काय काय मिसळेल?

नाताळच्या सकाळी मी आलो. आत येण्याचा प्रश्न नव्हता. दाराबाहेर उभा राहिलो. पाद्री मूर्ती घेऊन निघाले आणि तू कॉर्नेट वर केलंस. मी ऐकलं, बस्त्याव, आणि माझं रक्त उसळलं. कारण ती माझी चाल नव्हती. काहीतरी उंच, चमचमणारं, वेगळंच तू वाजवत होतास. माझी चाल कुठे आहे म्हणून मी शोधत होतो. खाली, ढोलाच्या आणि बाजाच्या गर्दीत, मिंगेलच्या युफोनियममध्ये ती कुठेतरी होती. शेजारी उभ्या असलेल्या बाया म्हणाल्या, "बस्त्यावनं काय ग्वाड बनवलाय!"

बाहेर येऊन तू धावतच माझ्याकडे आलास. तुझा तो घामेजलेला, फुललेला चेहरा. "कसा वाटला?"

"छान वाजवलंस. पण माझं कुठे होतं?"

"माझा काय नाय तेच्यात. सगला तुमचाच. तुमी खर्जात गायलेलाव, मंग खर्जातच ठेवला. वर उचलला तर तो किंचालतो. मी वर नुसती झालर लावली."

"खाली साथीदार बसतो, बस्त्याव," मी म्हणालो. "गाणारा वर असतो."

तू मला समजावू पाहत होतास. वरचे सूर देवदूतांचे, खालचे त्या पोराच्या बापाचे, जो काही बोलत नाही पण पोराला झोपवतो. "बाप लय मोठ्यानं गात नाय, मास्तर." मला वाटलं, हा गोड बोलून मला गुंडाळतोय. आमच्या संगीतात गाणं एकच असतं. बाकीचे त्याच्यामागून चालतात. दोन चाली एकाच वेळी चालतात आणि दोन्ही खऱ्या असतात, हे माझ्या कानाला शिकवलंच गेलं नव्हतं. जे वर आणि मोठ्यानं ऐकू येतं तेच गाणं, ही माझी समजूत. त्या समजुतीपायी मी ठरवून टाकलं की तू मला खाली दाबलंस आणि वर स्वतःला ठेवलंस. नाव घेऊ नकोस ही माझीच अट होती, हे तेव्हा मी सोयीनं विसरलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पुढे काही दिवसांनी ठाण्यात एका बक्षीस समारंभाला तुमच्या चर्चचे पाद्री आले होते. नव्यानेच आलेले, तरुण, काटेकोर. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "नाताळात वाजली ती चाल कोठून आली, आपणांस माहीत आहे का? बस्त्याव म्हणतो, एका मास्तरांनी केली." त्यांच्या नजरेत संशय होता. त्या संशयाला मी खतपाणी घातलं. मी म्हणालो, "छे हो. ती आमच्याकडच्या देवळातली आरतीची चाल. बस्त्यावनं इकडून तिकडून जमवली असेल."

एवढंच. हातात कपबशी होती. कप खाली ठेवण्याआधी सगळं बोलून झालं होतं.

पुढच्या नाताळला ती वाजली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साहेबाची जुनी चाल परत आली. मला ते कळलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं, बरं झालं, चोरीचा माल परत गेला.

तू कधी काही बोलला नाहीस. तेच तर मला खायचं. नाताळला तुझ्या घरून ताट यायचं, मैद्याचे तळलेले फुगे आणि नेवऱ्या. मी ताटाकडे बघत बसायचो, की यात काय आहे. बायको म्हणायची, "नेवऱ्या आहेत, करंजीसारख्या. चष्मा लावून बघा." ताट रिकामं परत पाठवू नये म्हणून ती संक्रांतीचे लाडू घालून द्यायची. पुढे मी निवृत्त झालो, डोंबिवलीत लहानसं घर बांधलं. तुझा बँड कल्याण-डोंबिवलीच्या वरातींतही यायचा. माझ्या गल्लीतून जाताना मी खिडकीत दिसलो तर तू कॉर्नेट जरासं वर उचलायचास. मी म्हणायचो, हा टोमणा आहे. खिडकी लावून घ्यायचो आणि लावलेल्या खिडकीमागे उभा राहून ऐकायचो, की हा आता आपली चाल वरातीत विकतोय का. कधीच वाजवली नाहीस. तर मी म्हणायचो, बघा, किती धूर्त आहे.

आणि गेल्या उन्हाळ्यात तू घरी आलास. वाळला होतास, खोकत होतास. या वेळी आत येऊन बसलास. बायकोनं सरबत दिलं. तू म्हणालास, "मास्तर, एकदा बसू या. ती चाल तशीच पडलीय."

मला वाटलं, याला कळलंय. हा मला कबूल करायला लावायला आलाय. मी म्हणालो, "आता माझा आवाज राहिला नाही रे."

"आवाज मी तरी कुटं मागतोय," तू म्हणालास. थोडा वेळ बसलास. सरबताला बरं म्हणालास. मग गेलास. फाटकाशी तू थांबला होतास, बस्त्याव. मी आतून पाहिलं. मी बाहेर आलो नाही.

दिवाळीनंतर मी बाळकुमला गेलो. बायकोनं पाठवलं. मयताला बाहेर उभं राहणाऱ्या माणसानं घरी तरी जावं, म्हणाली. तुझी बायको कात्रीन अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं मला ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही.

"आता कशाला आयलाव, मास्तर?"

तुझा जावई जुजे आतून आला. बँड आता तोच चालवतो. मी त्याला विचारलं, "तुझ्या सासऱ्याची नाताळची ती चाल येते का तुला?"

त्यानं कात्रीनकडे पाहिलं. ती पाखडतच राहिली. मग त्यानं कॉर्नेट आणलं. तुझंच. आणि वाजवली.

एकट्या कॉर्नेटवर मी ती प्रथमच ऐकत होतो. खाली काही नाही, बाजूला काही नाही. नुसती तुझी झालर. तिला काही अर्थच लागत नव्हता, बस्त्याव. दोन सूर, मग थांबायचं. पुन्हा चार सूर, पुन्हा थांबायचं. थांबल्यावर जुजे पायानं ताल धरायचा आणि वाट बघायचा. मला वाटलं पोरगा विसरला. मी म्हटलं, "पुढे?"

"पुढंच चाललाय," तो म्हणाला. "मामा हिथं असाच थांबायचा. मी इचारला, हिथं रिकामा कशाला? तो बोलायचा, हिथं मास्तर गातो."

मी खाली बसलो. कोणी बस म्हटलं नव्हतं.

जिला मी माझ्या डोक्यावर बसलेली चाल समजत होतो, ती जिथे जिथे माझी सुरू होते तिथे तिथे आपण होऊन गप्प होत होती. माझा सूर लांबला की ती वर हलकेच हलायची. माझा सूर हलला की ती थांबायची. एवढं मला इतक्या वर्षांत कळलं नाही, आणि मी संगीत शिकवत होतो.

मग मी कात्रीनला सगळं सांगितलं. चहाचा कप, पाद्री, देवळातली आरती. मला वाटलं ती सूप भिरकावेल. ती म्हणाली, "ठाव हाय."

"बस्त्यावला ठाऊक होतं?"

"पाद्रीनं त्याला बोलवला. बोलला, मास्तर सांगतो ही देवलातली चाल. खरा काय?" तिनं तांदळातला खडा वेचून फेकला. "हा बोलला, मास्तर बोलले तर तसाच असंल."

"तसं नाही, असं तो का म्हणाला नाही?"

"मी पन तोच इचारला. लय भांडले मी. तो बोलला, चार मानसांत मी मास्तरला खोटा पाडू?"

म्हणजे तू माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलंस, आणि चालसुद्धा सोडून दिलीस. यावरही, तुला खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: हा मोठेपणा की सूड? दर नाताळला ताट पाठवून तू मला क्षमा करत होतास, की आठवण देत होतास? तुझ्याजवळ याचं उत्तर असेल. मला ते आता मिळणार नाही. मिळू नये, असंही कधी वाटतं. कात्रीननं मात्र मला क्षमा केलेली नाही. तिनं चहा दिला, पण माझ्याकडे बघून नाही. तेही बरोबरच आहे.

तिथून मी थेट पाद्रींकडे गेलो. तेच पाद्री अजून आहेत, आता केस पिकलेत. मी उभ्यानंच सांगितलं की मी खोटं बोललो होतो, ती चाल माझी, ती कुठल्याही देवळातली नाही, येत्या नाताळला ती बस्त्यावच्या बँडला वाजवू द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "तेव्हा खोटे बोललात, की आता?"

"आता खरं."

"मेलेल्या मित्रासाठी चांगली माणसेही खोटे बोलतात."

"मी चांगला माणूस नाही."

ते हसले नाहीत. म्हणाले, चाल गा. मी गायलो, त्यांच्या व्हरांड्यात, फाटक्या आवाजात. ते म्हणाले, "सुंदर आहे. म्हणूनच शंका येते. पाच सुरांची चाल. ही कोणाची नाही याची खात्री मी कशी देऊ?" मग बऱ्याच विचारानंतर त्यांनी अट घातली. हे सगळं मी माझ्या नावानं, माझ्या लोकांच्या वाचनात येईल अशा ठिकाणी छापावं. एखाद्यानं पुढे येऊन, ही आमच्या देवळातली, असं सांगितलं तर विषय संपला. नाताळच्या आधी कोणी आलं नाही तर वाजवा.

म्हणून हे छापतोय. वाचकहो, चालीची पहिली ओळ अशी आहे: सा, खालचा ध, सा रे, ग, मग ग रे सा, आणि पुन्हा खालच्या ध वर मुक्काम. संथ म्हणायची. आपल्या गावच्या देवळात, घरच्या आरतीत, कुठल्या कीर्तनात ही ऐकल्याचं ज्याला खात्रीनं आठवत असेल त्यानं जरूर येऊन सांगावं. फक्त खात्रीनं. मला दुखवायला किंवा कोणाला धडा शिकवायला म्हणून नको. गोविंदराव, हे तुमच्यासाठीही आहे.

पण बस्त्याव, पाद्रींच्या त्या प्रश्नानं माझी झोप गेली. लोकांवर संशय घेण्याची सवय लागलेला माणूस शेवटी स्वतःकडे वळतोच. मी खरंच ती केली का? की लहानपणी, कोकणात, आमच्या ग्रामदेवतेच्या पालखीत कुठेतरी ऐकली आणि विसरलो? त्या चहाच्या वेळी तोंडातून नेमकी आरतीच का निघाली? दोन-तीन दिवस मी घरभर फिरत तीच गुणगुणत होतो आणि दर वेळी ती अधिकाधिक जुनी, ओळखीची वाटत होती. शेवटी बायकोला विचारलं, "ही चाल तू आधी कुठे ऐकलीस का?"

"ऐकली म्हणजे? कान किटले होते," ती म्हणाली. "नौपाड्यात. महिनाभर. आज बांधलीत, उद्या मोडलीत. त्या मुक्कामाच्या जागेसाठी पानावरचा भात गार केलात. देवळातली आठवलेली असती तर एवढी मोडावी लागली असती का?"

हे तिचं म्हणणं मला पटलंय. कोणाला पटलं नाही तर तिला येऊन भेटा.

आता मी दर रविवारी बाळकुमला जातो. मिंगेल गेल्या सालीच वारला. त्याचा भाचा युफोनियम वाजवतो, पण वरातीचं. खालची चाल आता तुमच्यात कोणालाच येत नव्हती. ती फक्त मिंगेलला येत होती आणि मला. मी भाच्याला ओळ ओळ गाऊन शिकवतो. कात्रीन अंगणातच काम करत असते, आमच्याकडे पाठ करून. नाताळला ती वाजेल की नाही ते मला ठाऊक नाही. आपल्याकडे कोणीतरी उठून "आमची, आमची" म्हणणारा निघतोच. हे छापून आलं की मी रोज टपालवाल्याची धास्ती घेईन.

गेल्या रविवारी जुजे आणि मिंगेलचा भाचा पहिल्यांदा दोघे एकत्र बसले. वरची आणि खालची. मी समोर पेंढ्यावर बसलो होतो आणि सवयीनं चूक पकडायला कान टवकारले होते. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. एका ठिकाणी, मधोमध, मला वाटलं आता चुकणार, म्हणून मी थांबवायला हात वर केला. ते चुकले नाहीत. चाल संपली. माझा हात तसाच वर राहिला होता. तो खाली कसा घ्यायचा हेच मला कळेना. त्यांना वाटलं मी पुन्हा सुरू करायची खूण करतोय. जुजेनं दम घेतला, आणि ते पहिल्यापासून वाजवू लागले.